देवगिरीच्या कोठारात आज काय आहे? गडाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना खुले पत्र

प्रति,
देवगिरी किल्ल्याची देखभाल, त्याच्या वाटा, त्याचं पाणी आणि त्याचं तिकीट ज्यांच्या अखत्यारीत येतं ते सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी शाळेला निघाले होते, तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "गड पेटलाय गं," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. आमचं घर गडाच्या पायथ्याशी. वडिलांनी आयुष्यभर सीताफळाची बाग राखली, हंगामात वेरूळच्या रस्त्याला पाट्या मांडून बसले, आणि एवढ्या वर्षांत पाठीशी हाच डोंगर होता. ऐंशीच्या घरातला तो माणूस त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून धुराकडे बघत बसला. मी दुपारी पोचले तेव्हाही तिथेच होता. शेजारी ठेवलेला चहा तसाच, वर साय धरलेली.

आग लागली याचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही. वाळलेलं गवत, एप्रिलचा वारा आणि एक ठिणगी, एवढं पुरतं. पण ते गवत एप्रिलपर्यंत तिथे कंबरेएवढं उभं का होतं, हे विचारण्याचा हक्क मला आहे असं मी समजते. म्हणून हे पत्र. बंद पाकिटातली पत्रं आधी लिहून झाली आहेत. तीन अर्ज, तिन्हींची शिक्का मारलेली पोच माझ्या कपाटात आहे. उत्तर एकाचंही नाही.

मी मराठी शिकवते. गेली बावीस वर्षं दर डिसेंबरला आठवीच्या मुलांना घेऊन या गडावर येते. पत्रात मी देवगिरी म्हणेन, घरी बोलताना आम्ही दौलताबादच म्हणतो. मला दोन्ही नावं आपलीच वाटतात.

सहलीची सुरुवात मी नेहमी मिठापासून करते. नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला ती गोष्ट सांगितली होती, अगदी तटाच्या दाराशी उभं करून. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. इथला यादव राजा रामदेवराय, त्याचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. राजा गडात शिरला, दारं लावली. गड असा की चढून येणं माणसाच्या हातातलं नाही. सुमारे दोनशे मीटर उंचीचा सुटा डोंगर, त्याची खालची पन्नासेक मीटरची कड छिन्नीने तासून भिंतीसारखी उभी केलेली, भोवती खडकात खोदलेला खंदक. महिनोन्‌महिने लढता आलं असतं. पण घाईघाईने वर नेलेली धान्याची पोती उघडली तर त्यांत मीठ निघालं. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार हे सांगतो. तपशिलात थोडं इकडचं तिकडे असेलही, पण सांगायची गोष्ट त्याने नेमकी पकडली आहे. गड भिंतीपाशी पडला नाही, कोठारापाशी पडला. आत काय आहे हे कुणी उघडून बघितलं नव्हतं.

१६३३ मध्येही वेगळं झालं नाही. मोगलांनी सुरुंगांनी तट उडवले हे खरं, पण शेवटी निजामशाहीच्या हातून गड गेला तो उपासमारीने आणि फितुरीने. मुलांना मी हे दोन वेढे एकाखाली एक लिहायला लावते. तुमच्यापुढेही मुद्दाम ठेवते आहे, कारण आजही या गडाला बाहेरचा शत्रू नाही.

काय सांभाळायचं आहे याची नीट मोजदाद झाली तरच सांभाळण्याची निकड वाटते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव घराण्यातल्या पाचव्या भिल्लमाने इथे राजधानी केली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत मराठी भाषा वयात आली. यादवांचे सुरुवातीचे लेख कन्नडमध्ये आणि संस्कृतमध्ये आहेत. पुढे पुढे मराठी वाढत जाते. याच राज्यात चक्रधरस्वामी गावोगाव फिरले, लोकांशी लोकांच्या बोलीत बोलले, आणि त्यांच्या आठवणींतून लीळाचरित्र उभं राहिलं. याच राज्यात, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली, आणि ज्ञानदेवांनी शेवटी न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून रामचंद्राचं नाव घेतलं. तो रामचंद्र म्हणजे मिठाच्या गोष्टीतला रामदेवराय. हे सांगितलं की आठवीच्या वर्गात दरवर्षी एक क्षण शांतता पसरते. पुस्तकातला राजा आणि पायाखालची पायरी एकच आहे, हे त्यांना तेव्हा कळतं.

सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने इथे संगीतरत्नाकर लिहिला. आज हिंदुस्थानी गाणं शिकणारा आणि कर्नाटक गाणं शिकणारा, दोघेही त्या ग्रंथाला आपला मानतात. हेमाद्री पंडित इथलाच श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. मोडी लिपी त्याच्या नावावर सांगतात, चुन्याशिवाय रचलेली दगडी देवळं त्याच्या नावाने ओळखली जातात. परंपरेने एका माणसाला किती दिलं आहे ते बघा, आणि त्याचं कामाचं ठिकाण कुठे होतं तेही बघा.

पुढची चारशे वर्षंही तितकीच आपली आहेत. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं इथे आणली. बहुतेक सहलींत हा प्रसंग लहरी राजाची गोष्ट म्हणून उरकला जातो. पण आलेले सगळे परत गेले नाहीत. सूफी राहिले, त्यांच्यामुळे खुलताबाद घडलं. हातकागद करणाऱ्यांचं कागजीपुरा इथून हाकेच्या अंतरावर आहे. दिल्लीची बोली दख्खनच्या बोलींत मिसळून दखनी झाली. बहमनी राज्याचा आरंभ याच गडावर १३४७ मध्ये झाला. आवारातल्या एकाच वास्तूत जुन्या देवळांचे खांब आहेत, खिलजींच्या काळातली मशीद आहे आणि १९४८ नंतर बसवलेली भारतमातेची मूर्ती आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा चिनी महालात कैदेत होता आणि कैदेतच वारला. त्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांचे मोजके तुकडे अजून टिकून आहेत. पहिल्यांदा पाहिले होते तेव्हापेक्षा आज ते कमी आहेत असं मला वाटतं. नोंद ठेवली असती तर "वाटतं" असं लिहावं लागलं नसतं.

आणि जनार्दनस्वामी. चाळीसगावचा हा माणूस निजामशाहीत या गडाचा किल्लेदार होता आणि दत्तभक्त होता. पैठणहून बारा वर्षांचा एकनाथ त्यांच्याकडे आला तो इथेच. एका पैचा हिशेब जुळेना म्हणून एकनाथांनी रात्रभर दिवा जाळला आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात. ती याच गडाच्या दप्तरातली आहे. स्वामींची समाधीही गडावरच आहे.

आता तक्रारी. पहिली आगीची.

आगीनंतर काही दिवसांनी मी वर गेले. अग्निशमन दलाची गाडी गडाच्या दारापर्यंत येते. त्यापुढे खंदक आहे, पूल आहे, अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातली काळोखी वाट आहे आणि मग शेकडो पायऱ्या. हा गड शत्रूला वर येता येऊ नये म्हणून बांधलेला आहे, तो बंबाला कशी वाट देईल? म्हणजे वरची आग वरच विझवावी लागणार, किंवा लागूच न देणं हा एकच उपाय. पायऱ्यांच्या कडेची राख तेव्हा अजून मऊ होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी बरोबर होती. तिने तटाच्या दगडावर हात टेकला आणि उचलला तेव्हा पंजा काळा, आणि त्या दगडाचा पापुद्रा, बोटाच्या पेराएवढा, तिच्या हातात सुटून आला. तापलेल्या दगडाचं असं होतं. वरचा थर आतल्यापेक्षा जास्त फुगतो आणि सुटतो. सांध्यातला चुना भुगा होतो. पुढच्या पावसात उघड्या पडलेल्या उतारावरची माती वाहून खंदकात आणि टाक्यांत बसते. आग एका दिवसाची असते, नुकसान मात्र पुढचे काही पावसाळे चालू राहतं.

जंगलात दरवर्षी जाळरेषा काढतात, गवत वाळायला लागलं की ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करतात. गडाला ती का नसावी? आमच्या गावात जनावरं आहेत, उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ असते. डिसेंबर-जानेवारीत गवत कापून नेऊ दिलं तर माणसं आनंदाने विळे घेऊन येतील. हे मी दुसऱ्या अर्जात लिहिलं होतं.

पाण्याचंही तसंच. ज्यांनी हा गड घडवला त्यांनी पाण्याचा विचार दगडाच्या आधी केला होता. सरस्वती बाव, कचेरी बाव, तो अवाढव्य हत्ती हौद, डोंगराच्या अंगावर खोदलेली टाकी. आज चढणाऱ्या माणसाला वाटेत प्यायचं पाणी मिळण्याची खात्री नाही आणि आग लागली तर शिंपडायलाही पाणी नाही. आमच्या सहलीत मुलांच्या पाठीवर दोन-दोन बाटल्या असतात. रिकाम्या बाटल्या आम्ही मोजून खाली आणतो. सगळे आणत नाहीत, हे टाक्यांत डोकावलं की दिसतं.

दुसरी तक्रार अंधारीची, आणि ती मला फार लागलेली आहे. डोंगराच्या पोटातून वर जाणारी ती वळणावळणाची काळोखी वाट हा जगातल्या किल्लेबांधणीतला विलक्षण प्रकार आहे. शत्रू आत शिरला की दिशा हरवावी, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर जाळ करून आत धूर कोंडता यावा, अशी ती योजना. तिथे झगझगीत दिवे लावा असं मी कधीच म्हणणार नाही. अंधार हाच त्या जागेचा अर्थ आहे. पण काही वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी वरून उतरणारी आणि खालून चढणारी गर्दी आत एकमेकांना भिडली, वटवाघळं उठली, कुणीतरी किंचाळलं आणि आमची एक मुलगी वटवाघळांच्या लिदीने निसरड्या झालेल्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. आत माणूस नव्हता, वर नव्हता, खाली प्रथमोपचाराची पेटी नव्हती. काकडी विकणाऱ्या मावशींनी आपल्या पदराची पट्टी फाडून त्या पोरीचा हात गळ्यात बांधला. त्या मावशींना मी दर डिसेंबरला भेटते. तिथली व्यवस्था म्हणून मला ठाऊक असलेली एवढीच आहे.

भिंतींवर कोरलेल्या नावांबद्दल लिहायचा मला कंटाळा आला आहे. किल्लीने दगडावर बदाम काढणाऱ्यांना मी स्वतः थांबवलेलं आहे, भांडणंही झाली आहेत. हा दोष येणाऱ्यांचा, म्हणजे आमचा. पण एवढ्या मोठ्या आवारात दिवसभरात एकही पहारेकरी दिसत नाही अशा सहली मी केल्या आहेत, आणि ती बाजू तुमची.

चौथी गोष्ट दिल्ली दरवाज्याची. तिकिटाच्या आतला गडच तेवढा गड, अशी आपली सवय झाली आहे. अंबरकोट, म्हणजे गावाला वेढणारा सगळ्यात बाहेरचा तट, तोही गडच आहे. वेरूळकडे जाणारी वाहनं त्याच्या दरवाज्यातून जातात. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते. लग्नसराईत, श्रावणात, सुट्ट्यांत दोन्ही बाजूंना रांगा लागतात, कर्णे वाजतात, आणि बसचा टप किंवा ट्रकचा कोपरा दगडाला घासून जातो. कमानीच्या आतल्या बाजूला माझ्या खांद्याच्या उंचीवर दगडाची धार जाऊन गुळगुळीत पट्टा पडला आहे. वडिलांच्या लहानपणी तिथून बैलगाड्या जात. पर्यायी रस्त्याची बोलणी मी लग्नाआधीपासून ऐकते आहे, आणि माझी मुलगी आता कॉलेजात आहे.

झाडांबद्दल थोडक्यात. तटाच्या सांध्यांत पिंपळ आणि वड रुजले आहेत. पावसाळ्यानंतर वरवर तोडले की ते दुप्पट जोमाने फुटतात, मुळं आतून दगड ढकलत राहतात. मूळ मारून तो सांधा चुन्यानेच बुजवायला हवा. सिमेंटने नाही. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक, आतला ओलावा बाहेर पडू देत नाही, आणि मग झिजतो तो दगडच. हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही, तुमच्यातल्या जाणकारांकडूनच मी शिकले.

शेवटची तक्रार मराठीची शिक्षिका म्हणून. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या शाळेत आम्ही पेढे वाटले. त्या डिसेंबरमध्ये गडावर एका मुलाने मला विचारलं, "बाई, इथे ज्ञानेश्वरीचं काही लिहिलंय का कुठे?" मी त्याला घेऊन फलक शोधत फिरले. राजवटींची नावं आणि साल सापडले. तोफा सापडल्या. हेमाद्री नाही, शार्ङ्गदेव नाही, चक्रधर नाहीत, ज्ञानदेवांनी ज्याचं नाव घेतलं तो राजा केवळ हरलेला राजा म्हणून. कोणत्याही राजवटीचं नाव पुसून हे लिहा असं मी म्हणत नाही. मलिक अंबरही हवा, तानाशहाही हवा, कागजीपुऱ्याचे कारागीरही हवेत. पण ज्या गावी मराठीने दरबारात पाऊल टाकलं, तिथे तिच्याबद्दल दोन ओळी नसाव्यात याचं मला दुःख होतं. तो मुलगा वहीत लिहून घ्यायला पेन काढून उभा होता.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दरवर्षी होळीच्या आधी गडावरचं आणि तटालगतचं गवत कापून जाळरेषा पूर्ण करावी, ते काम शक्यतो पायथ्याच्या गावांना द्यावं, आणि पूर्ण झाल्याची तारीख तिकीटखिडकीवर लावावी.

गडावर निदान तीन ठिकाणी आग विझवण्यापुरता पाण्याचा साठा आणि हातपंप असावेत. जुनी टाकी आणि बावी गाळ काढून साफ कराव्यात. तेच पाणी वापरता येईल का हे आधी तपासावं.

अंधारीत गर्दीच्या दिवशी चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडावं, दोन्ही तोंडांशी माणूस असावा, पायऱ्या रोज झाडल्या जाव्यात. प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचर खाली आणि वरच्या बारादरी महालाजवळ, दोन्हीकडे हवं.

चिनी महालातल्या प्रत्येक उरलेल्या फरशीचं छायाचित्र आणि माप घेऊन ती नोंद लोकांना पाहता येईल अशी ठेवावी. या मागणीला पैसे जवळजवळ लागत नाहीत. हवं तर आमची नववी-दहावीची मुलं तुमच्या माणसांच्या देखरेखीखाली ते काम करतील.

दिल्ली दरवाज्यातून अवजड वाहनं बंद करावीत आणि पर्यायी रस्त्याचं काम कुठे अडलं आहे ते लेखी सांगावं.

मराठीत, शुद्ध आणि वाचता येईल अशा अक्षरांत फलक लावावेत. मजकूर लिहायला या जिल्ह्यात अभ्यासकांची वानवा नाही.

आणि हिशेब. गेल्या पाच वर्षांत तिकिटांतून किती आले, गडावर किती खर्च झाले, कशावर झाले, हे एका कागदावर गडाच्या दाराशी लावा. मी कुणावर आळ घेत नाही. एका पैसाठी जिथे रात्र जागवली गेली, तिथे एवढं मागायला मला संकोच वाटत नाही.

आमची पुढची सहल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बेचाळीस मुलं आहेत. वडिलांना आता चढवत नाही, पण पुलापर्यंत येईन म्हणतात, मिठाची गोष्ट या वर्षी त्यांनाच सांगायची आहे. त्या दिवशी सकाळी तुमच्यापैकी कुणी एक जण आमच्याबरोबर वर चढलात, तर वर लिहिलेली प्रत्येक जागा मी हात लावून दाखवेन. उत्तर टपालाने पाठवलंत तरी चालेल, पत्ता तिन्ही अर्जांवर आहे.

आपली,
आठवीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर